टिंबापुढचं गाव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात लग्नपत्रिका छापून देणारं एक दुकान होतं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी नागपूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी परतलो होतो आणि नोकरी लागेपर्यंत त्या दुकानातल्या मागच्या मशीनवर क्लास घेत होतो. पुढच्या मशीनवर बाई बसायच्या. त्या मूळच्या पोंभुर्ण्याच्या. त्याआधी कितीतरी वर्षं त्या तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, निंबाखाली, टाइपरायटरवर लोकांचे अर्ज टाइप करायच्या. ऊन सरकलं की टेबल सरकवायचं, पाऊस आला की मशीनवर प्लास्टिक आणि डोक्यावर पदर. दुकानमालक भाऊंनी त्यांना तिथून उठवून पंख्याखाली बसवलं होतं. दुपारी जेवतानाही बाई त्या खुर्चीवरून उठत नसत, डबा मांडीवरच उघडायचा.

आमच्याकडे माणसाचं नाव नंतर विचारतात, गाव आधी. दुकानात कुणी शिरलं की बाई मान वर न करता म्हणायच्या, "कोन्या गावचे जी?" गाव कळलं की अर्धी पत्रिका त्यांच्या डोक्यात तयार असायची. देव कोणता, आहेर घेतात की नाही, मामाचं नाव वर टाकायचं की खाली, सगळं.

आता फाइलच्या नावात टिंबापुढे जी अक्षरं येतात ती मशीनसाठी असतात. ती वाचून मशीन ठरवते, ही फाइल कोणत्या प्रोग्राममध्ये उघडायची. हे मी बाईंना दोनतीनदा समजावलं होतं आणि त्यांनी शांतपणे ऐकूनही घेतलं होतं. पण पत्रिका नवरीच्या नावाने सेव्ह झाली रे झाली की बाई टिंबापुढचं खोडायच्या आणि तिथे नवरीचं गाव लिहायच्या. मशीन बिचारी दरवेळी इशारा द्यायची: असं केलंत तर फाइल निकामी होऊ शकते, नक्की करायचं का? बाई दरवेळी 'हो'वर टिचकी मारायच्या.

"बाई, ते टिंबापुढचं मशीनचं असते, आपलं नाई," मी म्हणायचो.

"एका नावाच्या धा नवऱ्या रायतात बाबू. गाव नाई तं वळखाचं कसं?"

माझं डोकं फिरायचं. पण काम अडत नव्हतं. नवं गाव आलं की मशीन विचारायची, हे कशात उघडू? बाई पेजमेकर, म्हणजे पत्रिका मांडायचा प्रोग्राम, दाखवायच्या आणि मशीन ते मुकाट्याने लक्षात ठेवायची. असं करत करत मूल, पोंभुर्णा, गडचांदूर हे सगळे आमच्या मशीनच्या लेखी फाइलचे प्रकार झाले. जगात आणखी कुठल्या मशीनवर पोंभुर्णा हा फाइलचा प्रकार नसेल.

दिवाळी झाली. गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, आणि नाटकांची हँडबिलं, पाठोपाठ लग्नं, अशी दुकानाची सुगी तोंडावर आली होती. नेमक्या तेव्हाच बाई भाचीच्या लग्नाला पोंभुर्ण्याला गेल्या आणि नेमकी तेव्हाच पुढची मशीन रुसली. भाऊंनी चंद्रपूरहून मेकॅनिक आणला. त्याने मशीनमध्ये सगळं नव्याने भरून दिलं. पत्रिका दुसऱ्या ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या, पण मशीनची आठवण धुऊन निघाली. भाऊंनी एका पत्रिकेवर डबल क्लिक केलं. मशीनने विचारलं, कशात उघडू? समोरच्या यादीत पेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम होता, ब्रश खोचलेल्या डब्याचं चित्र मिरवत. पत्रिका रंगीत असते, तेव्हा हाच असणार, असं भाऊंनी ठरवलं. खाली 'नेहमी यातच उघडा' या ओळीपुढे बरोबरची खूण होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पेंट म्हणाला, मला ही फाइल वाचता येत नाही. भाऊंनी दुसरं गाव घेतलं, मग तिसरं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी पंचक्रोशी पेंटच्या गळ्यात बांधली.

बाई परत आल्या त्या लग्नातले लाडू घेऊन. भाऊंनी डब्याला हात लावला नाही.

"बाई, तुमी गावं लिवून लिवून सगळ्या फायली नासवल्या. चंद्रपूरचा ऑपरेटर बोलावला मी, सोमवारी येते तो. तुमचा टाइपरायटर हाये नं घरी?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. माठाजवळ गेल्या, पेला भरला आणि न पिताच ठेवून दिला. मला भाऊंचा असा संताप आला की विचारू नका. चूक यांनी करायची आणि निंबाखाली बाईंनी जायचं!

मी आधी पेजमेकर चालू केला आणि त्याच्या आतून पत्रिका उघडून दाखवली. "पाहा, फाइल चांगली हाये."

"मंग डबल क्लिकनं काऊन उघडत नाई?" भाऊ म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर असं मागच्या दारानं घुसाचं काय? सोमवारपावतो सुदं, डबल क्लिकनं उघडलं तं ठीक. नाई तं ऑपरेटर ठेवाले मी मोकळा."

मी म्हटलं, सोपं आहे, सगळ्यांच्या टिंबापुढे पेजमेकरचं नाव लावून टाकू. पहिली फाइल बदलली. दुसरी बदलायला गेलो तर मशीन म्हणाली, या नावाची फाइल आधीच आहे. तिसरीलाही तेच. एका नावाच्या नवऱ्या रांगेने उभ्या राहिल्या. बाई बाजूला बसून लाडू खात होत्या. काही म्हणाल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

मग मी काळा पडदा उघडला, जिथे माउस चालत नाही आणि हुकूम टाइप करावा लागतो. तिथे दोन हुकूम असतात. टिंबापुढचं कोणतं नाव कोणत्या प्रकारात मोडतं, ते एक सांगतो. तो प्रकार कोणता प्रोग्राम उघडतो, ते दुसरा. हेच दोन हुकूम बदलही करतात. दोघांची मोट बांधून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि तिचं नावच 'गाव' ठेवलं. नुसतं 'गाव' टाइप केलं की सगळी गावं आणि कोणतं कशात उघडतं ते ओळीने दिसायचं. 'गाव' लिहून, जागा सोडून, पुढे गावाचं नाव टाकलं की ते पेजमेकरच्या हवाली व्हायचं. पहिली यादी पडद्यावर सरसर उतरली तशा बाई पुढे वाकल्या.

"अगं माय! आमचं पोंभुर्णा रंगाच्या डब्यात टाकलं का भाऊनं?"

पोंभुर्णा मी आधी सोडवलं. यादीत पेजमेकर दिसू लागला. ऐटीत डबल क्लिक केलं आणि पुन्हा पेंट उघडला. मी टेबलावर मूठ आपटली. सातबारा एकाच्या नावावर आणि शेत वाहतोय दुसरा, असा तो प्रकार होता. शोधता शोधता कळलं की भाऊंच्या त्या 'नेहमी'ची नोंद मशीनने वेगळ्याच कोपऱ्यात जपून ठेवली होती आणि तिच्यापुढे माझ्या हुकुमाला कुणी विचारत नव्हतं. ती नोंद पुसणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली, तेव्हा कुठे पत्रिका उघडली, गणपतीसकट. बाईंनी गणपतीला हात जोडले. मला एक लाडू मिळाला.

सोमवारी भाऊ आले. मी बाईंच्या खुर्चीवर बसून त्यांना एकेक गाव उघडून दाखवलं. भाऊ बघत राहिले. मग म्हणाले, "तू आज हाये. उद्या तुले नोकरी लागली तं? बाईले जमते का हे?"

खरंच, सगळं मीच टाइप करत होतो, बाई नुसत्या शेजारून पाहत होत्या.

"ऊठ तू," बाई मला म्हणाल्या.

मी उठलो. बाई बसल्या, पदर खोचला.

"सांगा भाऊ, गाव सांगा. नवं सांगा."

भाऊंनी मुद्दाम आपली सासुरवाडी सांगितली. आमच्याकडे त्या गावची एकही पत्रिका नव्हती. बाईंनी कोरी पत्रिका केली, सेव्ह केली, टिंबापुढचं खोडलं, गाव लिहिलं. मशीनने इशारा दिला. बाईंनी 'हो' केलं. मग काळा पडदा. बाईंची बोटं टाइपरायटरची, कीबोर्डवर खाडखाड पडायची. एंटर दाबलं. मशीन म्हणाली, असा हुकूम मला माहीत नाही. भाऊंचा हात फोनकडे गेला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी दात आवळून उभा राहिलो. बाई ती ओळ पुन्हा वाचत होत्या.

"जागा सोडाची राह्यली," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाइप केलं. मग माउस धरला आणि डबल क्लिक केलं.

पेजमेकर उघडला. पत्रिका कोरी होती, पण वरच्या पट्टीत, फाइलच्या टिंबापुढे, भाऊंच्या सासुरवाडीचं नाव होतं.

भाऊंनी फोन उचललाच. चंद्रपूरच्या ऑपरेटरला म्हणाले, "नोको येऊ बाबू. हो, नोकोच येऊ." आणि आमच्याकडे न पाहता चहा सांगायला बाहेर गेले.

बाईंनी खोचलेला पदर सोडला.

"आता मले थोडंसं रडू दे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं तं सांगजो."

मी दारात जाऊन उभा राहिलो. मंडईच्या हँडबिलासाठी दोघं जण आले, त्यांना म्हटलं, मशीन तापली आहे, जरा बसा.