बहिऱ्या कानात शेवंता

छताचा स्लॅब पलंगावर कोसळला तेव्हा मी नळावर उभी राहून एका मेलेल्या बाईशी भांडत होते. कडेवर नातीची लेक चिऊ, आठ महिन्यांची. मागे धाडकन आवाज झाला... वळून बघते तर आमच्या दारातून नुसती धूळ.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. चौथी शिकलेय, पण एवढं कळतं — मेलं ते गेलं.

आम्ही मोहने गावात, चाळीत तळमजल्यावर राहतो. शेजारच्या खोलीत शेवंता होती. सामाईक नळावरून आमचं तीस वर्षं भांडण. माझा डावा कान लहानपणीच गेला, म्हणून ती मला 'ए बहिरे' अशीच हाक मारायची. गणपतीच्या आधी वारली. मी मयताला गेले, रडले नाही.

त्या दुपारी चिऊला घेऊन पलंगावर पडले होते. चांगला कान उशीत. अशा वेळी दारात ताशा वाजला तरी मला कळत नाही. आणि डाव्या कानात स्पष्ट ऐकलं — "ए बहिरे, नळ वाहतोय. तुझ्या बापाचं पाणी आहे का?"

डोकंच फिरलं. ती मेलीय हे आठवायच्या आत मी चिऊला उचलून बाहेर. "माझा बाप काढू नकोस" इथपर्यंत बोलले. नळ बंद होता, कोरडा. तेवढ्यात मागे स्लॅब खाली आला.

संध्याकाळी नातीच्या ओळखीचा, लोकल पेपरचा रिपोर्टर आला. मोबाईलवर टाइप करत म्हणाला, "आजी, जीवितहानी?"

"नाही."

"जखमी?"

"नाही रे."

"मग बातमी होत नाही. स्लॅब रोजच पडतात."

मी शेवंताचं सांगितलं. तो मोबाईल बाजूला ठेवून हसला. "ही घेतो. 'बहिऱ्या आजीने ऐकली मयताची हाक'. शेवटच्या पानावर, गंमत म्हणून."

"गंमत म्हण. पण शेवंताचं नाव घाल."

"मयताचं नाव नको, घरचे भांडायला येतात. 'एक शेजारीण' लिहितो."

"मग खोड ते. चाळीत शेजारणी पुष्कळ. दुसऱ्या कुणाच्या हाकेला मी उठले नसते."

"अगं आजी, लोक हसतील तुला," नात म्हणाली.

"हसू देत. चिऊपण हसेल मोठी झाल्यावर."

त्याने काहीच छापलं नाही. म्हणून मीच लिहिते. शेवंताच्या मुलाला आधी विचारलं. तो म्हणाला, "लिहा मावशी. आई खूश होईल, शेवटचा शब्द तिचाच राहिला."

नातीने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा कान पूर्ण बंद, म्हणाले. मग ऐकलं कशाने? मला माहीत नाही, त्यांनाही नाही. मी शेवंताचे आभार मानणार नाही, पाण्याच्या बाबतीत तीच चुकीची होती. पण बातमी कुणाची ते ठरवायला मला पेपर नको.

हाक मारली शेवंताने. जगलो आम्ही दोघी — मी आणि चिऊ.