झोकामामाचा दोर

झोकामामा घाटंजीच्या बाजारात शिरला की दोरवाले दुकानदार नजर चुकवायचे. मामा आधी भाव विचारत नसे, दुकानात वर आडवा लोखंडी पाइप कुठे आहे ते बघत असे. पाइपावरून दोर टाकायचा, गाठ मारायची आणि दोराच्या वेढ्यात बसून जमिनीपासून वीतभर उंच लोंबकळायचं, एक चहा पिऊन होईल इतका वेळ. पोरं 'झोका, झोका' म्हणून ओरडायची. नाव त्यातूनच पडलं. गाठ दोनदा जोरात घसरवून उतरल्यावर तो गाठीजवळचा दोर अंगठ्याने चोळून बघायचा. एक तंतू जरी चिकट लागला तरी दोर परत.

"मामा, घ्याचा असंन त घे, नाई त उतर. गिऱ्हाईक हासून राह्यले," दुकानदार वैतागायचा.

"हासू दे. इथून पडलो त बूड शेकीन. झाडावून पडलो त याडीले सांगाले तू येशीन काय?"

याडी म्हणजे त्याची बायको. बंजाऱ्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि सगळा तांडा तिला तेच म्हणायचा. मी त्या वेळी एका ठेकेदाराकडे मुकादम होतो. शाळांवर झुकलेल्या, विजेच्या तारांत शिरलेल्या फांद्या उतरवायचं काम. मामा धरून चढणारे तिघे, आणि म्होरक्या मामाच. साठी उलटलेली, अंगावर मांस नावाला नाही आणि जिभेला लगाम त्याहून नाही.

झाडावर चढण्याआधी बारीक दोरी वर फेकावी लागते, तिच्या आधाराने मग मोठा दोर ओढून घ्यायचा. मामाची ही दोरी नारिंगी नायलॉनची, मासे धरणारे वापरतात तसली, कारण हिरव्या पानांत तीच दिसते आणि सालीवरून सरसर घसरते. टोकाला स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी, आत लोखंडी छर्रे. बाकीची दोरी घमेल्यात सोडलेली, म्हणजे गुंता नाही. दोन हेलकावे देऊन तो पिशवी सोडायचा. एकदा राळेगावला भर चौकात त्याचे पंधरा-सोळा नेम चुकले. पिशवी दरवेळी भलत्याच फांदीवर जायची आणि लोक फिदीफिदी हसायचे. मी वैतागून म्हणालो, "मामा, ही फांदीपण जाडच आहे, चढा ना!" त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जिथं पडली तिथं चढाचं नसते, मुकादम. जिथं पाह्यजे तिथं पडली का मंग चढाचं." पुढच्या खेपेला पडली. मग मला आणि चढणाऱ्यांतल्या एकाला दोराला लोंबकळायला लावून त्याने फांदी जोखली, तेव्हा कुठे पाय उचलला.

पायाला बांधायचे लोखंडी काटे मी कौतुकाने आणले होते. त्याने ते दोन बोटांत धरून मला परत दिले. "जित्या झाडाले भोकं पाडत जाऊ? तुह्या पाठीवर कोनी असे काटे मारत चढलं त चालंन तुले?" कमरेचा पट्टा बघताना रंग, चमक त्याच्या खिजगणतीत नसायची. पट्टा उलटा करून तो शिलाई नखाने उचकटून पाहायचा. माणसाचा दोर वेगळा, लाकडं ओढायचा वेगळा. माणसाच्या दोरावर कोणी पाय दिला तर शिवी ठरलेली. या कडकपणाची मी टिंगल करायचो, तेव्हा एकदा त्याने शांतपणे सांगितलं, "माहा बाप चिचेवून पडला. मोठा भाऊ गुलमोहरावून. दोघायच्याही खाली मीच उभा होतो." त्यानंतर मी टिंगल केली नाही.

पण चूक केलीच. ठेकेदाराने नवा दोर आणायला सांगितलं. मामाने बजावलं होतं, दुकानात बसून पाह्य. आता मी मुकादम, इस्त्रीची पँट, भर बाजार; तिथे पाइपाला लोंबकळू? मला लाज वाटली. निळा, चकचकीत दोर दिसला, घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली मामाने तो दोर बुटक्या फांदीवर टाकला आणि बसला. दोर तुटला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग गाठ सरकवत तो दोनदा जोरात घसरला, उतरला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. गाठीपाशी प्लास्टिक वितळून चिकटलं होतं.

"बसलो त धरते. घसरलो त पिघलते. यावर कोनी चढनार नाई."

तेवढ्यात ठेकेदाराची गाडी आली. तो म्हणाला, "तुटला का? नाही ना? मग चढा. आज शाळेला सुट्टी आहे, काम आजच पाहिजे."

मामाने पट्टा सोडून त्याच्यापुढे धरला. "घाला साहेब. अगोदर तुमी चढा, मी खालून पाह्यतो."

ठेकेदाराने चिंचेच्या शेंड्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला.  मामाने कोयता घेतला आणि तो कोरा दोर ओंडक्यावर ठेवून हात-हातभर तोडत गेला, सगळ्यांदेखत. "घ्या रे, बकऱ्या बांधाले न्या."

ठेकेदार माझ्याकडे वळला. "तू आणलास ना दोर? सांग याला, चांगला होता म्हणून."

हो म्हटलं असतं तर नोकरी टिकली असती. पण त्या वितळलेल्या गाठीवर उद्या कोणाचा तरी जीव टांगला असता, आणि तो मीच टांगला असता. मी म्हणालो, "दोर मी आणला. न बघता आणला. वाईट आहे."

संध्याकाळच्या आत आम्ही चौघे बेकार होतो. महिनाभर कोणी विचारलं नाही. मग आम्ही स्वतःचं काम सुरू केलं. कामं कमी मिळाली, पण मिळाली ती मामाच्या अटींवर. पुढे ठेकेदाराने दोनदा निरोप पाठवला. मामाचं उत्तर एकच, "त्याले म्हना, पट्टा आजून तयार हाये."

यंदाच्या उन्हाळ्यात चार दिवस ताप येऊन मामा गेला. भर दुपारी तांड्यावर पोचलो तेव्हा लिंबाखाली खाटेवर त्याला निजवलं होतं. बाया रडत होत्या. कोणीतरी म्हणालं, "बिचारा, शेवटी हारला." याडी उशाशी बसली होती, ताठ. तिने पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"त्याचा बाप झाडावून पडून मेला. भाऊ झाडावून पडून मेला. हा मानूस जलमभर झाडावर चढला न आपल्या खाटेवर मेला, दोन्ही पाय धड घेऊन. कोन म्हनते हारला? त्यानं समोर येऊन म्हनावं."