एकही गाडी नसलेला रस्ता

आमच्या डोंगरावरच्या गावात आता सात म्हातारी माणसं उरली आहेत. गाडी कुणाकडेच नाही. बस बंद झाली, पाववाल्याची गाडी तेवढी मंगळवारी येते. एरवी रस्त्यावर असतात ते शहरातले सायकलवाले.

"आजी, स्वर्ग आहे हा रस्ता!" ते आमच्यातल्या लिओकादियाला म्हणत.

"म्हणून तर इथून गेलेलं कुणी परत येत नाही," ती टोला हाणायची.

त्या मंगळवारी तिचा नवरा एउतीकियो स्वयंपाकघरात पडला. मांडीचं हाड मोडलं, तो तिथंच कण्हत राहिला. रात्रीच्या वादळाने फोन बंद पडले होते. पाववाला आलाच नाही. दुपारी लाल सदऱ्यातला एक सायकलवाला चढ चढून आला, तशी लिओकादिया हात पसरून रस्त्यात आडवी उभी राहिली.

"वाटेत गाडी दिसली का रे?"

"एकसुद्धा नाही!" तो खुशीत म्हणाला.

लिओकादियाने त्याच्या सायकलचं हँडल धरलं. "मग मागे फिर बाबा. पहिली दिसेल ती गाडी वर पाठव. माझा म्हातारा जातोय रे."

तो सुसाट सुटला. आमच्या वळणावरून अख्खी दरी दिसते. तो लाल ठिपका खाली जाताना ती बघत राहिली. रस्त्यावर दुसरं काहीच नव्हतं.