सुनंदाताई माझ्या वतीने बोलल्या

सुनंदाताई ओकादा समोरच्याचं बोलणं संपलं तरी लगेच उत्तर देत नसत. दोन-तीन क्षण त्याच्या तोंडाकडे नुसत्या बघत राहत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, यांना ऐकू कमी येतं की काय. मी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "अगं, माणूस खरं बोलायचं ते शेवटाला ठेवतंय. आपण मध्येच तोंड घातलं की ते राहूनच जातंय की."

ओकादा हे त्यांच्या नवऱ्याचं आडनाव. त्या मूळच्या सांगलीच्या. पुण्यात जपानी शिकल्या, एका कंपनीत दुभाषी म्हणून लागल्या आणि तिथे कामाला आलेल्या ओकादासानांशी लग्न करून जपानला आल्या. आम्ही टोकियोजवळच्या ग्योतोकुला राहायला आलो तेव्हा त्यांना इथे येऊन वीसेक वर्षं झाली होती. स्टेशनजवळच्या एका कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, त्या आठवड्यातले चार दिवस काउंटरवर उभ्या असत.

आमची पहिली भेट तिथेच झाली. मला एक पार्सल पाठवायचं होतं आणि फॉर्मवरचा एकही रकाना कळत नव्हता. मी स्वतःशीच पुटपुटले, "काय मेलं लिहिलंय कोण जाणे." काउंटरमागच्या बाईंच्या छातीवर जपानी नावाची पट्टी होती. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिथं पाठवणाऱ्याचं नाव घालायचंय. पुण्याच्या काय?" मी इतकी दचकले की हातातलं पेन खाली पडलं.

त्या दिवशी मला त्यांचा आधार वाटला. हेवा वाटायला लागायला पुढे महिनाही लागला नाही.

पुण्यात मी अकरा वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलं होतं. मुलं माझ्या केबिनबाहेर रांग लावायची. नवऱ्याला टोकियोत कामाचं बोलावणं आलं, मी नोकरी सोडली आणि नऊ वर्षांच्या इराला घेऊन इथे आले. आल्या दिवसापासून मी मुकी झाले. दाताच्या डॉक्टरकडे जायचं असो की शाळेची चिठ्ठी वाचायची असो, नवरा ऑफिसातून मेसेज टाकायचा, "सुनंदाताईंना विचार ना." आमच्या खाली राहणाऱ्या जपानी आजी मला बघून वाकून नमस्कार करत आणि दार लावून घेत. सुनंदाताईंना मात्र थांबवून गुडघेदुखी सांगत. इरा शाळेतून येताना आधी कोंबिनीत डोकावायची. दिवसभरात काय झालं ते मला कळेपर्यंत त्यांना कळून गेलेलं असायचं. एका दुकानात काम करणाऱ्या बाईवर आपण जळतो, याची मला लाज वाटायची, आणि त्या लाजेचा रागही मी त्यांच्यावरच काढायचे. मनातल्या मनात, अर्थात. तोंडाने मी "ताई, तुम्ही होतात म्हणून" असंच म्हणत असे.

त्यांच्या मुलीचं नाव हाना. ती इराच्याच वर्गात होती. अबोल, सावकाश चालणारी, वहीच्या कडेला चित्रं काढत बसणारी. आईने मराठीत काही विचारलं तर ती जपानीत एका शब्दात उत्तर द्यायची. ती अभ्यासात यथातथाच असणार, असं मी का कोण जाणे धरून चालले होते. कदाचित मला तसं हवं होतं. एवढी एक गोष्ट तरी माझ्याकडे जास्तीची असावी.

एकदा शाळेच्या क्रीडादिनाला आम्ही दोघी मैदानाच्या कडेला चटई टाकून बसलो होतो. मुलींची रिले अजून लांब होती. आदल्या दिवशी इरा गणिताचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली होती आणि मला प्रश्नच वाचता आला नव्हता. मी ते बोलून गेले. "ताई, गणित मला येतं हो. ते गणित काय विचारतंय, तेवढं कळत नाही. लेकीसमोर ठोंब्यासारखी बसून राहते मी." त्या नेहमीसारख्या थांबल्या. मला आणखी काही बोलायचं नाही असं पाहून त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

मुली सरकारी माध्यमिक शाळेत गेल्या त्या वर्षी पालकांची एक सभा झाली. गणिताच्या तासाला वर्गाचे दोन भाग करावेत, परीक्षा घेऊन पुढची मुलं प्रगत गटात आणि बाकीची पायाभूत गटात घालावीत, असा शाळेचा विचार होता. त्यावर पालकांचं मत हवं होतं. व्यायामशाळेत घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि आम्ही सगळे बूट दाराशी काढून शाळेच्या पातळ चपला घालून बसलो होतो. इथे लोक सभेत फारसे बोलत नाहीत असं मी ऐकलं होतं. त्या दिवशी बोलले. एक वडील म्हणाले, "खासगी क्लासला जाणारी मुलंच प्रगत गटात जाणार. मग शाळा कशाला?" एक आई म्हणाली, "माझा मुलगा आत्ता वर्गात नुसता खाली मान घालून बसतो. हळू शिकवणारा गट झाला तर निदान तो हात वर करील." सुनंदाताई माझ्या कानाशी हे सगळं मराठीत सांगत होत्या.

मग त्या स्वतः उठल्या. त्यांचा विरोध होता. बसल्यावर त्यांनी मला त्याचा मथितार्थ सांगितला, "बाराव्या वर्षी पोराला एकदा खालच्या खोलीत बसवलं, की ते स्वतःला खालचंच समजतंय. मग वर काढायला किती वर्षं लागतात बघा, असं म्हटलं."

मी मनात म्हटलं, हाना अभ्यासात मागे आहे ना, म्हणून.

मला बोलायचंच होतं. मी चार वाक्यं जपानीत पाठ करून आले होते. उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि तिसरं डोक्यातून पुसून गेलं. दीडशे माणसं शांतपणे माझ्याकडे बघत होती. मी खाली सुनंदाताईंकडे बघितलं. "मराठीत बोल, मी सांगते," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

मी घाईघाईने बोलले. "माझी मुलगी दहा मिनिटांत गणितं संपवून बसून राहते. तिला चॅलेंज हवाय. हुशार मुलांनी थांबून का राहायचं? गट करायलाच हवेत." संपलं म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्या थांबल्या, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागल्या.

माझं बोलणं अर्ध्या मिनिटाचं होतं. त्या बराच वेळ बोलल्या. सभेत कुणी हलत नव्हतं. उपमुख्याध्यापकांनी पेन काढून काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या ओळीतल्या एका बाईने मागे वळून मला वाकून नमस्कार केला. मला एवढंच जाणवत होतं की माझं मत त्यांच्या तोंडून माझ्याहून किती तरी चांगलं वाटतंय. त्या नमस्कारातही मला त्यांचाच वाटा दिसला.

त्या काय बोलल्या हे मला आठवड्याने कळलं. आमच्या मागच्याच रस्त्यावरच्या हानाच्या इमारतीतल्या मिहारासान नावाच्या बाई बाजारात भेटल्या. त्यांना थोडं इंग्रजी येतं. म्हणाल्या, "तुमचं भाषण मला फार लागलं. तुम्ही स्वतः गणिताच्या शिक्षिका आहात आणि इथे मुलीच्या पुस्तकातलं गणित तुम्हाला वाचता येत नाही. म्हणून जे तुम्ही घरी करू शकत नाही ते शाळेने करावं, असं तुम्ही म्हणालात."

मी असं म्हणाले नव्हते. ते मी क्रीडादिनाला, चटईवर, फक्त त्यांना म्हणाले होते.

माझं अंग तापलं. माझी फजिती त्यांनी दीडशे लोकांसमोर वाचून दाखवली होती. थोड्या दिवसांनी शाळेचं पत्र आलं, दोन गट होणार म्हणून. त्या भाषणानंतर पुष्कळांनी मत बदललं, असं मिहारासान सांगत होत्या. म्हणजे सुनंदाताईंच्या तोंडच्या माझ्या बोलण्यामुळे सुनंदाताईंचाच मुद्दा पडला होता. त्यांना हे आधी कळलं नसेल? तेव्हा मला हे सुचलं नाही. मला फक्त माझी फजिती दिसत होती.

परीक्षा झाली. याद्या लागल्या. हाना प्रगत गटात, इरा पायाभूत गटात.

इराची आकडेमोड बिनचूक होती. पण निम्मा पेपर लांबलचक शाब्दिक उदाहरणांचा होता आणि ती तिला नीट वाचता आली नव्हती. ती घरी येऊन बूट न काढताच दारात बसली. "आई, तूच म्हणालीस ना गट करा?" मी तशीच उठले आणि कोंबिनीत गेले.

सुनंदाताई काउंटरवर होत्या. समोर चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. मी रांग मोडून पुढे गेले आणि मराठीत बोलत सुटले. "तुम्हाला माहीत होतं हाना वर जाणार ते. विरोध करून चांगलंही दिसायचं आणि जागाही मिळवायची. आणि माझी लाज वेशीवर टांगायची. कुणी सांगितलं होतं तुम्हाला ते सगळं बोलायला?" रांगेतली माणसं जमिनीकडे बघत होती. त्यांना शब्द कळत नव्हते, सूर कळत होता.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"झालं बोलून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"तू जे बोललीस ना मेधा, त्यानं कुणी ऐकलं नसतं. घमेंडी बाई म्हणाले असते. तुझं खरं कारण मला माहीत होतं, ते सांगितलं. विचारायला पाहिजे होतं तुला, तेवढं चुकलं माझं." आणि मग माझ्या मागच्या माणसाला जपानीत 'थांबावं लागलं, माफ करा' म्हणून त्यांनी त्याचा विकतचा जेवणाचा डबा गरम करायला ठेवला.

मी दोन महिने त्या दुकानात पाऊल टाकलं नाही. दूध आणायला स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला जात होते.

इरा मात्र जात होती. शनिवारी सकाळी लायब्ररीत जाते म्हणून ती सांगायची आणि सुनंदाताईंच्या घरी जायची. मला ते तिच्या वहीवरून कळलं. जपानी उदाहरणं आणि प्रत्येकाखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात मराठी. 'एका टाकीत दोन नळ सोडले आहेत...' गणिताच्या प्राध्यापिकेची मुलगी गणित शिकायला त्यांच्याकडे जाते!

"त्या शिकवतात तुला?" मी विचारलं.

"नाही गं. त्या फक्त वाचायला शिकवतात. उत्तर विचारलं तर म्हणतात, मला काय कळतंय त्यातलं, ते तुझ्या आईचं खातं, घरी जाऊन विचार. आणि मी तुला विचारत नाही, कारण तू सारखी चिडलेली असतेस."

त्या संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर ती वही उघडली. प्रश्न मला वाचता येत होता. मी इराला ते गणित तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवून दाखवलं. तिसरी पद्धत बघून ती "अरे!" म्हणून ओरडली. जपानात आल्यापासून मी कुणाला काही शिकवलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

हिवाळ्यातल्या परीक्षेनंतर इरा प्रगत गटात गेली. पण हानाच्या शेजारची जागा तिला जेमतेम महिनाभर मिळाली. ओकादासानांची कोबेला बदली झाली.

मी स्टेशनवर पोचवायला गेले. मधल्या काळात आम्ही पुन्हा बोलू लागलो होतो, जपून, जिथे दुखत होतं तिथे हात न लावता. मुली फलाटाच्या टोकाला उभ्या होत्या. इरा रडत होती. पुण्याच्या विमानतळावर आजी-आजोबांचा निरोप घेतानाही ती अशी रडली नव्हती. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मी तुमच्यावर फार जळले."

"माहीत आहे की," त्या म्हणाल्या. "मी काय कमी जळले?"

"माझ्यावर? कशाला?"

"इरा तुझ्याशी मराठीत भांडते. खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. हानाला राग आला की ती जपानीत बोलते. मला शब्द न् शब्द कळतो गं, पण कुठल्या तरी ऑफिसातल्या बाईशी बोलल्यासारखं बोलते. तुमचं भांडण ऐकलं की मी खिडकी लावून घ्यायची."

गाडी आली. हाना मला वाकून नमस्कार करून आत गेली. सुनंदाताईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि त्याही चढल्या.

आता त्यांचा फोन येतो, रविवारी बहुतेक. हानाच्या नव्या शाळेत गट नाहीत, हे त्या खूश होऊन सांगतात. मी म्हणते, इथे गट आहेत आणि इराचं बरं चाललंय. त्यावर आम्ही पुन्हा थोडा वाद घालतो. गेल्या वेळी मात्र त्या वेगळंच काही सांगत होत्या. नागपूरची एक बाई तिथे कोबेत नवीन आली आहे, तिला भाषा येत नाही, तिच्याबरोबर त्या रोज बंदरापर्यंत फिरायला जातात. "फार हुशार आहे गं. अगदी तुझ्यासारखी."

मी "हो का, छान" म्हटलं आणि विषय बदलला. त्या बाईंचं नाव मी अजून विचारलेलं नाही.