मेसच्या दारातली खुर्ची

ये गं, अशी जवळ सरक. उभ्या उभ्या वाचायची कसली मेली ही सवय तुझी? गॅस बारीक कर अन् बस. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – घरात ह्यांनाही नाही. म्हणून आज तुला पत्रच लिहायला घेतलं.

शेवगावजवळच्या एका कॉलेजात मुलींच्या वसतिगृहाची मी मावशी. मेस, चाव्या, पोरींची दुखणीखुपणी, सगळं माझ्याकडे. काही वर्षांमागे पुण्याहून दोन बाया आल्या. कॉलेजात कुणी अंगचटीला येतं का, वंगाळ बोलतं का – हे पोरींनी नाव न घालता मोबाईलवरच्या फॉर्मात भरायचं होतं. चांगलंच काम ना? पण मला दिसले पोरींचे बाप. जरा काही कानावर गेलं की टेम्पो घेऊन येणारे, वळकट्या भरून पोरीला घरी नेणारे. वसतिगृह ओस पडलं तर मी कुठं जाणार, हेही मनात होतंच की.

म्हणून मी – कसं सांगू – आदल्या संध्याकाळी भाकरी वाढता वाढता एकेकीला सांगत सुटले, सगळीकडे 'नाही' दाबा. वर दुसऱ्या दिवशी मेसच्या दारात खुर्ची टाकून बसले. बाया म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा. मी म्हटलं, मी असले की पोरींना धीर येतो. धीर कसला? धाक होता तो.

काष्टीकडची एक पोरगी होती. नाव तुलाही सांगणार नाही. आठवडाभर आधीच माझ्यापाशी रडली होती – प्रयोगशाळेतला सर मागून येऊन हात लावतो म्हणून. तिनं मोबाईल धरून माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "मावशी, मी बी न्हाईच दाबू?"

मी मान हलवली. हो म्हणून.

कॉलेजात सगळं छान आहे, असा निकाल आला. शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला – अन् मी घेतला गं तो! पोरगी प्रॅक्टिकलला जाईना, नापास झाली. टेम्पो आलाच शेवटी. तिची वळकटी मीच वर चढवली. सर अजून तिथंच शिकवतो.

उद्या तसल्याच बाया पुन्हा येणार आहेत. उद्या सगळ्या पोरींसमोर मी हे बोलणार. मग तक्रार समितीपुढे त्या सराचं नाव घेणार. नोकरी जाईल? जाऊ दे. संध्याकाळी साडीला इस्त्री करत होते, तर एक पोरगी म्हणते, "काय मावशी, बघायला येणारेत का कुणी?" हसले मी. किती दिवसांनी हसले!

माझी समजूत काढू नकोस. झालं ते मी केलं. पण ये गं, लवकर ये. दारात खुर्ची नसेल आता, सरळ आत येऊन बस.