वर्ध्याच्या मॅडमची महिन्याची प्रत

‘बॅकअप घेतला’ या वाक्यावर वर्ध्याच्या मॅडमचा अजिबात विश्वास नव्हता. “घेतला म्हणू नका जी, उघडून दाखवा,” म्हणायच्या. दर गुरुवारी आमच्या हॉस्पिटलच्या डेटाबेसची एखादी जुनी प्रत त्या वेगळ्या मशीनवर उघडत. कुणातरी पेशंटची नोंद नीट दिसली, की मगच जेवायला बसत. तोवर डब्यातली भाजी गार झालेली असे.

मी तेव्हा नवी होते आणि सदाशिव पेठेतली, त्यामुळे मला सगळं कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. डेटाबेस एवढा मोठा, की पूर्ण प्रत फक्त रविवारी निघे. इतर दिवशी त्या-त्या दिवशी बदललेलं तेवढंच साठवायचं. जागा वाचते म्हणून मला ही पद्धत आवडे. मॅडम म्हणाल्या, “पण शनिवारचं पाहिजे असलं तर मधले सगळे दिवस धड लागतात ना गं? बुधवारच खराब निघाला तर?” त्यांनी रोज, रविवारपासून बदललेलं सगळंच साठवायला लावलं. जागा जास्त गेली. पण रविवारची आणि शेवटच्या दिवसाची, अशा दोनच प्रती पुरू लागल्या.

खरा वाद झाला तो प्रती किती दिवस ठेवायच्या यावरून. माझा प्रस्ताव तीस दिवसांचा होता.

“काहून? आपल्या चुका तीस दिवसांतच सापडतात का?”

दर महिन्याची एक पूर्ण प्रत वर्षभर ठेवायची, हा त्यांचा हट्ट. साहेबांनी जागा नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःसाठी मंजूर झालेला नवा कॉम्प्युटर सोडला आणि त्याऐवजी डिस्क मागून घेतल्या. मी मनात हसले.

मग एका दुपारी वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. एका आजोबांनी स्वतःहून सांगितलं म्हणून बरं, नाहीतर त्यांना चालत नसलेलं इंजेक्शन दिलं गेलं असतं. ॲलर्जीचा रकाना कोरा होता. तपासलं, तर हजारो पेशंटांचा कोरा. चार महिन्यांपूर्वी मी डेटाबेसवर चालवलेल्या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमनं तो पुसला होता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीत तो कोराच साठत गेला होता.

“मॅडम, हे माझ्यामुळे झालंय.” मी त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं.

“ते मागाहून. आधी वॉर्डांत कळव, रकान्यावर विसंबू नका, पेशंटला विचारा म्हणून. मग मला तारीख सांग.”

त्या तारखेआधीची महिन्याची प्रत होती. संध्याकाळपर्यंत रकाना भरला. अहवालात मॅडमनी लिहिलं : ‘चूक आमच्या विभागाची.’ खाली सही फक्त त्यांची.

पुढच्या वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे त्या नोकरी सोडून वर्ध्याला परत गेल्या. पुणे स्टेशनवर सोडायला गेले, तेव्हा मी धीर करून विचारलं, “अहवालात माझं नाव का नाही घातलंत?”

“घातलं असतं, तर पुढच्या खेपेस चूक घेऊन तू माझ्याकडे आली असतीस का?”

आज त्यांच्या खुर्चीत मी बसते. परवा एक मुलगी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं टेबलाशी येऊन उभी राहिली. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “बस. पाणी पी. आणि तारीख सांग.”