भिंतीसमोरचं घर

आमच्या मावशीनं तीस वर्षं पडदे शिवले. त्या छोट्या गावात लोक घर घेतात ते तळं दिसावं म्हणून, आणि घर ताब्यात आलं की पंधरा दिवसांत मावशीला बोलावतात. कारण दुपारी दोननंतर पाण्यावरून उन्हाचा जो झोत आत शिरतो, त्यानं डोळे दिपतात, सोफ्याचा रंग उडतो आणि टीव्हीवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही. मग मावशी स्टुलावर चढून खिडकीचं माप घेते आणि जाड कापडाला काळं अस्तर लावून ते तळं झाकून टाकते.

"आधी तळ्यासाठी धडपडायचं, मग तळ्यापासून वाचायला मला बोलवायचं," ती म्हणायची. "माझं काय जातंय? माझं घर त्यावरच चालतं."

तिचं स्वतःचं घर म्हणजे एका दुमजली इमारतीतल्या मागच्या दोन खोल्या, भाड्याच्या. एकुलती एक खिडकी जिन्यात उघडायची, त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइटखाली मशीन चालवावं लागे. काका धक्क्यावरच्या बोटीच्या तिकीट खिडकीत बसायचे. वीतभर फटीतून अठ्ठावीस वर्षं ते तळं बघत होते आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिलेले पाहुणे रोज त्यांना विचारत होते, "तळं कुठं आहे हो?" काका म्हणायचे, "मागे." बोटीत मात्र ते एकदाही बसले नाहीत. त्यांना मळमळायचं.

एका सकाळी घरमालक स्वतः वर आला आणि काकांच्या गुडघ्याची चौकशी करू लागला. बावीस वर्षांत ज्यानं गळका नळ विचारला नव्हता त्याला अचानक गुडघा आठवला, तेव्हाच मावशीनं ओळखलं. मालकाला त्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या होत्या. पाटीही तयार होती : 'लाटांच्या कुशीत'. तिथून लाटा दिसत नव्हत्या की ऐकू येत नव्हत्या. ऐकू यायचा तो शेजारचा पाण्याचा पंप. पण पाटीवर पंप लिहून कोण येणार?

"आता या वयात पुन्हा भाड्याचं नको," मावशी म्हणाली. "साठवलेलं आहे, त्यात बसेल ते घ्यायचं."

दलाल तिला फसवेल या काळजीनं माझ्या आईनं, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीनं, मला शहरातून चार दिवसांच्या रजेवर तिकडं धाडलं. मावशीला कोणी फसवू शकेल असं ज्याला वाटतं, त्यानं तिच्याबरोबर कापडाची खरेदी कधी केलेली नसते.

दलाल गोड माणूस होता. त्याच्या कार्डावर 'स्वप्नांचा सोबती' असं छापलेलं होतं. त्यानं पहिलं घर उघडलं आणि हात पसरून म्हणाला, "ताई, डोळे मिटा. आता उघडा!"

मावशीनं डोळे उघडले. समोर तिनंच शिवलेला पडदा होता.

"दोन पदरी, आतून काळं अस्तर," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. आणि ही घडी बघ, अजून मोडलेली नाही. म्हणजे त्यांनी तो बाजूला सारलेलाच नाही."

दलालानं घाईघाईनं पडदा ओढला. तळं एखाद्या आरशासारखं अंगावर आलं. काकांनी डोळ्यांवर हात धरला. "मला हे दिवसभर पगार घेऊन बघावं लागतं," ते म्हणाले. "घरी फुकट कशाला?"

दुसऱ्या घराच्या जाहिरातीत 'तळ्याचं अंशतः दर्शन' होतं. त्यातला अंश शोधण्यात पाव तास गेला. शेवटी दलाल स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढला, खिडकीबाहेर कमरेपर्यंत झुकला आणि ओरडला, "दिसलं! डावीकडे, टाकीच्या पलीकडे!" काकांनी त्याचा पट्टा धरून ठेवला होता. मी म्हटलं, "काका, सोडू नका हां." ते म्हणाले, "मोह होतोय, पण नाही सोडत."

उतरल्यावर दलाल हिरमुसला. "ताई, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

मावशीनं पिशवीतून तिची मापांची वही काढली. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या खिडक्यांची रुंदी आणि उंची तिच्यात होती. ती पानं उलटत राहिली. मग तिनं विचारलं, "धान्याच्या गोदामामागच्या गल्लीत, कोपऱ्यावर एक घर आहे ना? त्याचं माप माझ्याकडे नाही. तीस वर्षांत त्यांनी एकदाही पडदा शिवून घेतला नाही."

दलालाचा चेहरा पडला. "ते आहे विकायला. पण ताई, ते दाखवायची मला लाज वाटते. समोर नुसती भिंत आहे."

"तेच दाखवा."

ते घर एका निवृत्त दंतवैद्य बाईंचं होतं. गावच्या निम्म्या दाढा त्यांनी तिथं, पुढच्याच खोलीत काढल्या होत्या. मावशीचे दात मजबूत, म्हणून तिला जायची वेळ आली नव्हती. आता त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. खोलीत भिंतभर खिडकी होती आणि समोर गल्लीपलीकडे गोदामाची उंच, पांढरी, कोरी भिंत. दिवसभर ऊन त्या भिंतीवर पडायचं आणि तिथून खोलीत यायचं. झळ नाही, चमक नाही, कोपऱ्यापर्यंत सारखा उजेड.

"पडदे का लावले नाहीत कधी?" मावशीनं विचारलं.

"अहो, दाढ काढायला उजेड लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि समोरून बघतंय कोण? गोदाम?"

मावशीनं पदराच्या टोकाला टोचलेली सुई काढली, पिशवीतला काळा दोरा काढला आणि खिडकीपाशी उभी राहून पहिल्याच झटक्यात ओवला. चष्मा न लावता. मग परत काढला आणि परत ओवला. तिच्या ओठांच्या कडा थरथरल्या तेव्हा मी भिंतीकडे बघत राहिले. रडताना कोणी बघितलेलं तिला खपत नाही.

"घेतलं," ती म्हणाली.

दलालानं कपाळाला हात लावला. माझ्या आईनं तर फोनवरच लावला असणार. "तळ्याच्या गावात राहून भिंत बघत बसणार? आम्ही सुट्टीत यायचं ते काय गोदाम बघायला?" मावशीनं शांतपणे सांगितलं, "ताई, या ना. धक्का सात मिनिटांवर आहे. तिकीट तुझे मेहुणेच देतील." नवं घर तळ्यासमोर असेल म्हणून सुट्टीत यायचं ठरवलेल्या नातेवाइकांनी त्या वर्षी एकेक करत बेत रद्द केले. माणसं मावशी-काकांवर किती प्रेम करत होती आणि तळ्यावर किती, याचा हिशोब आपोआप लागला.

दीड वर्ष सगळं सुखात चाललं. मग नगरपालिकेला सौंदर्याचा झटका आला. गावातल्या प्रत्येक मोठ्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं, आणि गोदामाच्या भिंतीवर काय काढायचं यावर तीन बैठका होऊन एकमतानं ठरलं : तळं.

मावशी कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा वर केला, परत वाचला.

"तुमचं म्हणणं, समोर तळं नको?"

"नको."

"बाई, लोक तळ्यासमोर घर मिळावं म्हणून जीव टाकतात. आम्ही तुमच्या दारात आणून देतोय, तेही फुकट."

"गडद निळा रंग दिलात तर माझा उजेड जाईल. मी त्याच उजेडात काम करते."

"उजेडाच्या तक्रारीचा रकाना नाही," कारकून म्हणाला. "विजेच्या दिव्याची असेल तर घेतो."

पुढच्याच आठवड्यात भिंतीसमोर बांबूंचा सांगाडा उभा राहिला. चित्रकार बाई डोक्याला रुमाल बांधून दोन्ही कडांकडून निळा रंग भरत मध्याकडे सरकू लागली. तळ्यात तिला सात हंसही काढायचे होते. गावच्या तळ्यानं आजवर हंस पाहिलेला नव्हता, पण ठरावात सात लिहिले होते. घरात तिसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटू लागलं. मावशी मशीन उचलून रोज थोडं पुढे सरकवायची. काका म्हणाले, "तळं माझ्या मागोमाग घरापर्यंत आलं."

चौथ्या दिवशी चित्रकार बाई हात धुवायला पाणी मागायला आली. मावशीनं पाणी दिलं, चहाही दिला. बाई कप घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिनं मशीन बघितलं, सुया बघितल्या, खिडकीतून आपली भिंत बघितली.

"हा उजेड माझ्या भिंतीवरून येत होता?" तिनं विचारलं.

"होता," मावशी म्हणाली. तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं.

बाईनं चहा संपवला आणि परत सांगाड्यावर चढली. त्यानंतर तिनं निळा डबा उघडलाच नाही. मावशीच्या खिडकीसमोरचा सगळा भाग तिनं पांढराच ठेवला. कडांचा निळा रंग तिथं येईपर्यंत पुसट करत नेला, दोन-तीन राखाडी फटकारे मारले आणि सातही हंस पार डाव्या टोकाला दाटीवाटीनं बसवले.

उद्घाटनाला नगराध्यक्ष आले. "हे मधलं राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," चित्रकार बाई म्हणाली. "धुकं आहे."

नगराध्यक्षांनी दोन पावलं मागं जाऊन मान डोलावली. "वा! धुकं फार हुबेहूब आलंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात कारकुनानं.

चित्र झाल्यावर दलालानं गल्लीतलं शेजारचं घर 'तळ्यासमोर' अशी जाहिरात देऊन महिन्याभरात विकलं. तिथं आलेलं जोडपं सज्जन आहे. रोज सकाळी खुर्च्या टाकून हंस बघतं. मावशीकडे आता दोन मशीन आहेत. दुसऱ्यावर एक बाई बसते, तिची नजर मावशीहून अधू, पण त्या खोलीत तिचंही निभावतं. काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मी विचारलं, घरी बसून करणार काय? म्हणाले, खिडकीत बसीन, आणि कोणी काही विचारलं तर सांगीन, मला माहीत नाही.